पंखा फिरवू नका

रेडिओवरचं मॉडेल विमान सड्यावर, म्हणजे आमच्या कातळी पठारावर, आदळलं की धावत पोचणाऱ्याचा पहिला हात पंख्याकडे जातो. मोडक्या पंख्याचं उरलेलं पातं धरायचं आणि इंजिन फिरतंय का ते बघायचं. फिरलं की जीव भांड्यात पडतो. एका जानेवारीत तळेऱ्याच्या वरच्या सड्यावर माझं विमान नाकावर पडलं, तेव्हा मीही तेच केलं. रिसीव्हरच्या बॅटरीचा जोड हवेतच सुटला होता. इंजिन २६ सीसीचं, पेट्रोलवरचं, दोनच मोसम चाललेलं. पातं धरून एक फेरी दिली. भात खाताना दाताखाली खडा यावा तसा बारीक आवाज आतून आला. त्या एका फेरीत पिस्टन आणि रिंग गेली. पडण्याने त्या इंजिनाचा फक्त सायलेन्सर चेपला होता.

नाक्यावर ग्रास कटर आणि पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करणारे एक काका आहेत. इंजिन पिशवीत घालून त्यांच्याकडे नेलं, तर पिशवी सोडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तू फिरवलंस तर नाय ना?" मी गप्प राहिलो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मगे आता घाई कित्याक?" एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. मॉडेल विमान त्यांनी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं, पण माझं इंजिन त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्याकडे बसून शिकलो ते आणि पुढे स्वतःच्या टेबलावर पडताळलं ते इथे लिहितो आहे.

परदेशी पुस्तकांत याला ‘गॅस इंजिन’ म्हणतात. तो गॅस म्हणजे गॅसोलिन, आपलं पेट्रोल. टू-स्ट्रोक, एक सिलिंडर, साधारण १५ ते ६० सीसी. बागेत गवत कापणाऱ्या मशीनच्या इंजिनाचं हे सख्खं भावंड आहे. झेनोआसारख्या जपानी कंपनीने ग्रास कटर आणि चेनसॉची इंजिनं बनवता बनवताच मॉडेल विमानांनाही इंजिनं पुरवली. वालब्रोचा डायफ्रामवाला कार्बोरेटर दोन्हीकडे तोच दिसतो. मशीन आडवं-उलटं कसंही धरलं तरी पेट्रोल पोचावं म्हणून चेनसॉला तो लावतात, आणि गिरकी घेणाऱ्या विमानाचीही गरज तीच. त्यामुळे सिंधुदुर्गात राहून या इंजिनाची डागडुजी होणार नाही असं समजू नका. आंबा-काजूच्या बागा जिथे आहेत, तिथे टू-स्ट्रोकचा जाणकार असतोच.

पण या दोन भावंडांत एक फरक आहे आणि सगळा घोळ तिथे आहे. ग्रास कटरला एअर फिल्टर असतो. आपल्या इंजिनाला बहुधा नसतो. हवेत दोनशे फुटांवर धूळ कुठली, म्हणून वजन वाचवायला कार्बोरेटरचं तोंड उघडं ठेवलेलं असतं. विमान नाकावर पडलं की ते तोंड थेट मातीत जातं. इंजिन चालू असेल, तर थांबता थांबता ते एक-दोन घोट माती आत ओढूनही घेतं.

आणि आपली माती साधी नाही. सड्यावर जांभ्याची तांबडी भुकटी असते, ती त्यातल्या त्यात मऊ. पण तळेऱ्याहून कणकवलीकडे निघालं की कासार्डे-पियाळीचा पट्टा लागतो. तिथली सिलिका वाळू काच आणि ओतकामासाठी खणून नेतात. ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, काठिण्याच्या मोह्स मापावर ७. पिस्टनचं ॲल्युमिनियम त्या मापावर ३ सुद्धा नाही. सिलिंडरच्या आतला हार्ड क्रोमचा किंवा निकासिलचा थर वाळूपेक्षा कठीण असतो, तो एकदम चरत नाही. वाळूचा कण मऊ पिस्टनमध्ये रुततो, रिंगच्या खाचेत बसतो, आणि मग पिस्टनच कानशीसारखा वरखाली घासत राहतो. रिंग झिजते, दाब जातो, इंजिन गरम होऊन बंद पडू लागतं. दोन महिन्यांनी आपण म्हणतो, पडल्यापासून याच्यात काही राम राहिला नाही. त्याचा राम पहिल्या फेरीतच गेलेला असतो.

तेव्हा विमानापाशी पोचल्यावर आधी इग्निशनचा स्विच बंद करा आणि त्याची बॅटरी सोडवा. मग पेट्रोलची नळी चिमटून बांधा. टाकी फुटली असेल तर विमान गवतातून उचलून उघड्या कातळावर ठेवा. जानेवारीनंतर सड्यावरचं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वाऱ्यासरशी आग खालच्या काजूत उतरते. वणव्यात लोकांच्या दहा-दहा वर्षांच्या बागा जातात, आपल्या विमानाची तिथे काय कथा. लिथियमची बॅटरी चेपलेली किंवा फुगलेली दिसली, तर ती गाडीत घेऊ नका. अशी बॅटरी तासाभरानेही पेट घेते. ती बराच वेळ कातळावर एकटी राहू दे.

इंजिन मात्र आहे त्याच स्थितीत राहू द्या. कार्बोरेटरच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या नळीत फडक्याचे बोळे घाला, इंजिन विमानावरून न काढता पिशवीत गुंडाळा आणि घरी आणा. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. कुठला स्क्रू कुठे होता, वायर कशावरून गेली होती, थ्रॉटलची काडी कुठल्या भोकात होती, हे चार दिवसांनी आठवत नाही.

घरी आल्यावर एक मोह होतो, तो म्हणजे पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारायचा. तो टाळा. त्या हवेत पाणी असतं, आणि तिचा जोर वाळू बाहेर काढण्याऐवजी बेअरिंगच्या आत ढकलतो. आधी बाहेरून धुवा. बोळे तसेच ठेवून, कार्बोरेटर खाली येईल असं इंजिन धरा आणि जुन्या टूथब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावत माती उतरवा. सिलिंडरच्या पंखांमधली माती बांबूच्या काडीने काढा. बाहेरचं इंजिन भांड्यासारखं लख्ख होईपर्यंत एकही स्क्रू सोडू नका. बाहेरची माती आत नेणारा दुसरा मार्ग म्हणजे आपला पाना.

मग टेबलावर जुनं पांढरं धोतर किंवा चादरीचा तुकडा अंथरा. काळ्या टेबलावर सर्क्लिप उडाली की ती गेली, पांढऱ्यावर सापडते. स्पार्क प्लग आधी काढू नका, भोक उघडं पडतं. आधी सायलेन्सर, मग कार्बोरेटर, मग त्यामागचा प्लास्टिकचा ठोकळा. हा ठोकळा नीट बघा. इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून तो असतो, आणि पडण्यात तोच हमखास तडकतो. केसाएवढी तडसुद्धा हवा ओढते आणि इंजिन कधीच सरळ लागत नाही. तो चिकटवायच्या भानगडीत पडू नका, नवा घाला. रीड व्हॉल्व्हच्या पट्ट्याही तिथेच दिसतील. उजेडाकडे धरा. पट्टीच्या कडेखालून उजेड दिसला तर पट्टी बदला. कोपरा तुटलेला दिसला, तर तुटलेला कपचा इंजिनात आहे असं धरून चला आणि तो मिळेपर्यंत थांबा.

पंख्याचा हब पुलरनेच काढा. मागून हातोडी मारून काढणारे पाहिलेत, आणि मग क्रँक वाकली म्हणून हळहळणारेही तेच. हबच्या कडेला बारीक लोहचुंबक असतो, तो इग्निशनच्या सेन्सरला वेळ सांगतो. तो जागेवर आहे ना, सैल झालेला नाही ना, हे आत्ताच बघून ठेवा.

आता सिलिंडर. बुडाचे चार स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. ॲलन की घट्ट बसली पाहिजे. गोल झालेली की वापरलीत तर स्क्रूचं डोकं गेलं म्हणून समजा. स्क्रू हलत नसेल तर हॉट एअर गनने तापवा, लॉकटाइट मऊ होतं. सिलिंडर सरळ वर ओढायचं, पिळायचं अजिबात नाही. पिळलं की रिंगचं टोक पोर्टच्या खिडकीत अडकतं आणि मोडतं. पिस्टन निम्मा बाहेर आला की खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टनवरची माती आणि उडालेली सर्क्लिप दोन्ही तिथेच पडायला बघतात.

इथे घाई सोडून बसायचं. पिस्टन उन्हात नेऊन फिरवत बघा. एक्झॉस्टच्या बाजूला तेलाचे तपकिरी डाग असतील तर ते नेहमीचेच, काळजी नको. पण वरून खाली गेलेल्या सरळ बारीक रेषा नखाला लागत असतील तर वाळू घासली आहे. करड्या, मळकट ठिपक्यांवर सुईचं टोक फिरवा. टोक अडकलं तर कण रुतलेला आहे. रुतलेला कण काढून पिस्टन परत वापरता येतो असं सांगणारे भेटतील. मी दोनदा तसं केलं आणि दोन्ही वेळा पुन्हा उघडावं लागलं. पिस्टन-रिंगचा खर्च सिलिंडरच्या मानाने थोडा असतो, तो करावा. सिलिंडरच्या आत पॉलिश पेपर कधीही लावू नका. क्रोमवर तो काही काम करत नाही, आणि त्यातले कण मात्र आत राहतात.

रिंग तपासायची रीत सोपी आहे. रिंग पिस्टनवरून काढून सिलिंडरच्या तोंडात घाला, पिस्टन उलटा धरून तिला सेंटिमीटरभर आत ढकला म्हणजे ती सपाट बसते. तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. या आकाराच्या इंजिनात ती साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असावी. कंपनीच्या पत्रकात आकडा दिला असेल तर तोच खरा. फट फार वाढली असेल तर रिंग झिजली.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, क्रँक. यासाठी थोडं मागे जाऊन सांगतो. या इंजिनांची क्रँक बहुधा एकाच तुकड्याची नसते. दोन वजनदार चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन, अशी ती जोडलेली असते. पंखा दर मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्या मारत असताना जमिनीवर आपटला, की पंखा जागीच थांबतो, पण चकत्यांना थांबायला वेळ लागतो. त्या झटक्याने चकत्या पिनवर एकमेकींपासून किंचित वळतात. डोळ्यांना काही दिसत नाही. इंजिन चालतंही, पण हादरतं, बेअरिंग खातं आणि कधीतरी हवेत जाम होतं. लाकडी पंखा वापरा असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी. लाकूड मोडतं आणि झटका स्वतः घेतं. कार्बन फायबरचा पंखा सहसा मोडत नाही, त्यामुळे सगळा झटका क्रँकला पोचतो.

क्रँकचा वाक बघायला डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड हवा. बेअरिंग चांगली असतील तर क्रँक केसमध्येच ठेवून, पुढच्या टोकावर गेजचा काटा टेकवून हळूहळू फिरवा. आतून सगळं धुऊन झाल्यावरच, त्याआधी फिरवू नका, हे परत सांगतो. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर पुढे जाऊ नका. गेज नसेल तर अंदाजापुरतं एवढं करता येतं: पट्टीला सुई बांधा, तिचं टोक शाफ्टच्या अगदी जवळ, चिकटणार नाही इतपत ठेवा, मागे पांढरा कागद धरा आणि शाफ्ट फिरवत ती फट बघा. फट कमी-जास्त होताना दिसली तर क्रँक वाकली आहेच. दिसली नाही तरी ती सरळ आहे असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

वाकलेली क्रँक सरळ करणारे असतात. तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला गेलात, तर शिवाजी उद्यमनगरात व्ही-ब्लॉकवर क्रँक ठेवून मापणारी आणि दाबून जागेवर आणणारी कुशल माणसं आहेत. टू-व्हीलरची जोड क्रँक ते रोज करतात. आपली क्रँक छोटी म्हणून ती खेळण्यातली नव्हे, हे त्यांना आधी समजावून सांगा आणि मिळालं तर मापाचं पत्रक सोबत न्या. पुढचा आटे असलेला दांडाच वाकला असेल तर मात्र सरळ करून वापरू नका. एकदा वाकून सरळ केलेलं पोलाद तिथेच थकलेलं असतं, आणि तो दांडा मोडला तर पूर्ण वेगातला पंखा सुटून माणसांकडे येतो. माझ्या मते यात तडजोडीला जागा नाही.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून बघा. कडेकडेला थोडा हलला तर चालेल, वर-खाली प्ले अजिबात नको. क्रँककेसमधली तड बघायची आपल्या गॅरेजांतली जुनी युक्ती आहे: केस कोरडी करून आतून रॉकेल लावा, बाहेरून खडूची पूड चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तड असेल तिथे पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. इंजिन विमानाला बसतं ते कान आणि बेअरिंगच्या घराभोवतालची जागा, इथे जास्त बारकाईने बघा.

बेअरिंगबद्दल माझं मत कडक आहे. वाळू गेली असेल तर दोन्ही बदला. धुऊन फिरवून "छान फिरतंय" असं वाटणारं बेअरिंग वजन आल्यावर खरखरतं. त्याच्या बाहेरच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की काम होतं, मॉडेलचं दुकान शोधत मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. नंबर वाचता आला तर बरं: ६००३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी १०. ६९०२ म्हणजे १५, २८ आणि ७. पुढे सी-३ असेल तर तेच मागा. ते आतून किंचित सैल असतं, कारण घट्ट बसवल्यावर आणि तापल्यावर त्याला ती जागा लागते. आणखी एक गोष्ट पाहायची. काही इंजिनांत वेगळं ऑइल सील नसतं, बेअरिंगची रबरी बाजूच सीलचं काम करते. तिथे उघडं बेअरिंग बसवलंत तर क्रँककेस हवा ओढेल. जुनं जसं होतं तसंच, त्याच बाजूला रबर ठेवून बसवा.

बसवायला हातोडी लागत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. केस स्वच्छ करून, पेट्रोल-रॉकेलचा वास पूर्ण गेल्यावर हॉट एअर गनने सगळीकडून सारखी तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन उडाला पाहिजे. केस उलटी करून लाकडावर टेकवली की जुनं बेअरिंग बहुधा आपोआप गळून पडतं. नवं बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवलेलं असलं, तर तापलेल्या केसमध्ये ते टपकन बसतं. तो ‘टप’ ऐकला की समाधान वाटतं. दाबायची वेळ आलीच तर बाहेरच्या कड्यावरच दाब द्या. आतल्या कड्यावर दिलात तर गोळ्यांचे खळगे पडतात आणि नवं बेअरिंग बसवतानाच जुनं होतं.

कार्बोरेटरला आमच्याकडचे मेकॅनिक पाच मिनिटं देतात. त्याला एक संध्याकाळ द्या. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. एका बाजूला पंपाचा डायफ्राम, दुसऱ्या बाजूला पेट्रोल मोजून सोडणारा. आत नखाएवढी बारीक जाळी असते, वाळू तिथे सापडते. भिंगातून बघा. डायफ्राम कडक किंवा सुरकुतलेला असेल तर किट बदला. वालब्रोची किटं शेती अवजारांच्या दुकानात मिळतात, फक्त कार्बोरेटरवर कोरलेला नंबर नेऊन जुळवून घ्या. थ्रॉटलच्या चकतीचा इवलासा स्क्रू सैल झाला असेल तर तो इंजिनातच जाणार, म्हणून काढून लॉकटाइटचा थेंब लावून बसवा. एच आणि एल या दोन सुया पडण्यात वाकतात. काचेवर लोळवून बघा, डुगडुगली तर बदला. पुन्हा बसवताना हलक्या हाताने बंद करून दीड-दीड फेरी उघडा, सुरू करायला एवढं पुरतं. शेवटी पेट्रोलच्या तोंडाला नळी लावून तोंडाने हलकेच फुंका. हवा गेली तर आतली सुई बसत नाही, म्हणजे कचरा अजून आहे.

नळ्यांबद्दल सांगायचं राहिलं. मेथॅनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलला लावू नका, ती फुगून मऊ होते. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. टाकीत, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. उडवून झालं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा.

हात ग्लो इंजिनावर असेल, तर एवढं लक्षात ठेवा की त्यात बहुतेक वेळा रिंग नसते. सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळतं असतं आणि थंड असताना पिस्टन वर गेल्यावर आवळला जातो. तो दोष नव्हे, तसंच हवं. उघडताना सिलिंडर तापवूनच पिस्टन वर न्या. मेथॅनॉल उरलेलं असेल तर बेअरिंगला चार दिवसांत गंज धरतो, त्यामुळे पडलेलं ग्लो इंजिन पिशवीत ठेवून पुढच्या रविवारी बघू म्हणू नका. पावसाच्या तोंडावर, मे अखेरीला कुठलंही इंजिन पडलं आणि लगेच उघडायला वेळ नसेल, तर निदान धुऊन, वाळू काढून, टू-टी ऑइलने आतून-बाहेरून माखून डब्यात ठेवा.

जोडणी म्हणजे सोडवल्याचा उलटा क्रम, पण तीन ठिकाणी हात थांबवा. गजन पिनच्या सर्क्लिपा नेहमी नव्या, आणि त्यांचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली. आडवं ठेवलं तर वेगात ती दबून सुटू शकते. रिंगचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर बसलंय हे सिलिंडर उतरवताना दोन्ही बाजूंनी बघा. आणि बुडाचं पॅकिंग नवं, दोन्ही पृष्ठभाग जुन्या पॅकिंगचा कण न ठेवता साफ. खरवडायला ब्लेड नको, बांबूची चिपटी घ्या.

बंद केलेलं इंजिन चालवायच्या आधी फुगवून बघा. काकांनी मला शिकवलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. कार्बोरेटरच्या जागी रबराचा तुकडा आणि पट्टी स्क्रूने आवळा, एक्झॉस्ट तसाच बंद करा, प्लगच्या भोकात नळीचा जोड बसवून हातपंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरा. त्याहून जास्त नको, सील उलटेल. पिस्टन खाली असू द्या, म्हणजे हवा क्रँककेसमध्येही पोचते. मिनिटभर काटा हलला नाही तर जोडणी पक्की. उतरला तर साबणाचं पाणी लावत जा, बुडबुडा जागा दाखवतो. माझ्या त्या इंजिनात बुडबुडा निघाला तो पुढच्या बेअरिंगमागून, जिथे मी बघायचा विचारही केला नव्हता.

इग्निशन तपासताना प्लग टोपीत बसवूनच आणि टोपीचं जाळीदार आवरण इंजिनाला टेकवूनच ठिणगी पाडा. मोकळ्या वायरवर ठिणगी पाडली की युनिट जळतं. प्लगचा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बऱ्याच मॉडेल इंजिनांना सीएम-६ हा १० मिलिमीटर आट्यांचा बारका प्लग लागतो. ग्रास कटरचा १४ मिलिमीटरचा प्लग तिथे बसत नाही, तेव्हा हा एक जास्तीचा जवळ ठेवा.

पहिल्यांदा सुरू करायचं ते विमानावर नव्हे, जड लाकडी बाकावर बोल्टने आवळून. पंखा नवा आणि तोललेला. पडलेल्यातला "बरा दिसणारा" पंखा कधीही नाही, मग तो डोळ्यांना कितीही धड दिसो. मुलांना आणि बघ्यांना पंख्याच्या रेषेतून बाजूला, इंजिनाच्या मागे उभं करा. नव्या रिंगसाठी पेट्रोल ३० ला १ या प्रमाणात, म्हणजे लिटरला साधारण ३३ मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल. कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर तिचं ऐका. एच सुई थोडी जास्त उघडी ठेवून, म्हणजे मिश्रण जाड ठेवून, पहिली टाकी मध्यम वेगावर, मधूनमधून वेग कमी-जास्त करत चालवा. पूर्ण थ्रॉटल तिसऱ्या टाकीनंतर.

पहिल्या टाकीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे स्क्रू पुन्हा तपासा. लाकडी पंखा पहिल्याच वेळी दाबला जाऊन त्याचे बोल्ट सैल होतात, ते परत आवळा. सायलेन्सरचे दोन स्क्रूही हमखास हललेले सापडतील. त्यांना साधं लॉकटाइट टिकत नाही, उष्णतेने ते मऊ पडतं. तिथे दातेरी लॉक वॉशर घाला. विमानात बसवण्याआधी पुढची प्लायवूडची भिंत ठोकून आवाज ऐका. पडण्यात तिचे जोड आतून सुटलेले असतात आणि वरून रंग शाबूत दिसतो. रिसीव्हरच्या बॅटरीचा जोड दोऱ्याने बांधा किंवा क्लिप लावा. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला सडा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते पाहून घ्या. २०२१ चे ड्रोन नियम आपल्या रेडिओवरच्या विमानांनाही लागू आहेत. आणि सकाळी दहाच्या आत उडवा, खारा वारा सुटायच्या आधी. उतरल्यावर इंजिन गार झालं की प्लग काढून बघा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर सुयांना हात लावू नका.